समृद्धीवरून स्कूटी जात नाही

समृद्धी महामार्ग आपल्या वर्धा जिल्ह्यातून जातो हे आता नव्याने सांगायला नको. सेलू आणि आर्वी तालुक्यांतल्या कितीतरी घरांची शेतं त्यात गेली. कुणाला चांगला मोबदला मिळाला, तर कुणाच्या घरी त्याच मोबदल्यावरून भावाभावांत अबोला आला. आता येळाकेलीला किंवा विरुळला वर चढलं की नागपूर अगदी हाताशी. अर्थात चारचाकी असेल तर! दुचाकीला आणि तीनचाकीला तिथे मनाई आहे. त्यामागे सुरक्षेचं कारण आहे आणि ते मला पटतं. त्या वेगात स्कूटी चालवायची म्हटलं तरी पोटात गोळा येईल. माझी तक्रार वेगळीच आहे.

एप्रिल २०२५ च्या अखेरीस राज्य मंत्रिमंडळाने नवं इलेक्ट्रिक वाहन धोरण मंजूर केलं. त्यात समृद्धी, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतू या तिन्हींवर इलेक्ट्रिक कार आणि बसना टोल माफ केला. बातमी पेपरात आली, तेव्हा आमच्या बचत गटाची बैठक होती. एकीने अगदी सहज विचारलं, "मंग आपल्या स्कूटीले काय माफ झालं जी?" सगळ्या हसल्या, चहा झाला, हप्ते जमा झाले. पण तो प्रश्न काही माझी पाठ सोडेना.

मैत्रिणींनो, कर आणि आयात शुल्क हे विषय आपल्या पुरवणीत शोभत नाहीत असं कुणाला वाटेल. पेपरातली ती पानं घरातले पुरुष वाचतात आणि आपण पाककृतीचं पान काढून घेतो, अशी समजूत आहे ना! मी कला शाखेची पदवीधर, अर्थशास्त्राशी माझा संबंध घरखर्चाच्या वहीपुरता. पण ती वही वीस-बावीस वर्षं लिहिणाऱ्या बाईला एक गोष्ट नक्की कळते. कोणती वस्तू घरात येणार आणि कोणती दुकानातच राहणार, हे बरेचदा तिच्यावर लागलेल्या करावर ठरतं. इलेक्ट्रिक गाड्यांच्या बाबतीत तर हे फारच उघड आहे. पर्यावरणाच्या कळकळीने गाडी घेणारे थोडे, हिशेब करून घेणारेच फार.

नॉर्वेचं उदाहरण नेहमी दिलं जातं. तिथे इलेक्ट्रिक गाडीवरचे खरेदीचे मोठे कर वर्षानुवर्षं माफ होते आणि पेट्रोलच्या गाडीवर जबर होते. परिणाम असा, की २०२५ मध्ये तिथे विकलेल्या दर शंभर नव्या कारमध्ये पंच्याण्णवहून जास्त इलेक्ट्रिक होत्या. जर्मनीने डिसेंबर २०२३ मध्ये अनुदान अचानक बंद केलं, तर पुढच्या वर्षी विक्री एक चतुर्थांशाहून अधिक घसरली. माणसं तीच, रस्ते तेच, फक्त सरकारच्या खिशातला हात मागे गेला. आणि हे बघायला परदेशी कशाला जायचं? आपल्याकडे १ जून २०२३ ला केंद्राने इलेक्ट्रिक दुचाकीवरचं अनुदान कापलं. मे महिन्यात देशभरात लाखावर दुचाक्यांची नोंदणी झाली होती, जूनमध्ये ती पन्नास हजारांच्याही खाली आली.

आता चारचाकीचा हिशेब मांडून बघू. समजा, गाडीची कर लागण्यापूर्वीची किंमत १५ लाख आहे. इलेक्ट्रिक असेल तर तिच्यावर जीएसटी ५ टक्के, म्हणजे ७५ हजार. (हा दर पूर्वी १२ टक्के होता, १ ऑगस्ट २०१९ पासून ५ झाला.) त्याच किमतीची मोठी पेट्रोल गाडी असेल, तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के, म्हणजे ६ लाख. शिवाय पेट्रोलच्या गाडीला राज्याचा रस्ता कर किमतीच्या ११ ते १३ टक्के, म्हणजे आणखी दोनेक लाख. इलेक्ट्रिकला २०२१ च्या धोरणापासून तो माफ. सगळं मिळून सात लाखांच्या आसपास फरक पडतो. एका गाडीमागे सात लाख! अशी सूट मिळाल्यावर नागपूरच्या शोरूममध्ये गर्दी झाली तर नवल नाही.

आता हाच हिशेब स्कूटीचा. (आमच्याकडे कुठल्याही कंपनीची बिनगिअरची गाडी म्हणजे स्कूटीच, तेव्हा कंपन्यांनी राग मानू नये.) पेट्रोलच्या स्कूटीवर सप्टेंबर २०२५ पर्यंत २८ टक्के जीएसटी होता, तो १८ झाला. करापूर्वी ७५ हजारांची असलेली गाडी साडेसात हजारांनी उतरली. इलेक्ट्रिक स्कूटीवर कर ५ टक्केच होता, तिथे उतरायला जागाच नव्हती. दोघींमधलं कराचं अंतर २३ टक्क्यांवरून १३ वर आलं. पेट्रोलची गाडी स्वस्त झाली याचं मला वाईट वाटत नाही, शिक्षिका, आशाताई, नर्स सगळ्यांना तिचा उपयोग होतो. पण त्याच काळात इलेक्ट्रिक स्कूटीचं केंद्राचं अनुदान कुठे गेलं बघा. २०२१ च्या जूनपासून बॅटरीच्या दर किलोवॅट-तासामागे १५ हजार रुपये मिळत, मोठी बॅटरी असेल तर चाळीस-पंचेचाळीस हजारांची सूट सहज बसायची. जून २०२३ नंतर ती अठरा-वीस हजारांवर आली. एप्रिल २०२४ पासून कमाल दहा हजार, एप्रिल २०२५ पासून कमाल पाच हजार. राज्याच्या नव्या धोरणात दुचाकीलाही मूळ किमतीच्या १० टक्के सवलत आहे आणि खासगी चारचाकीलाही १० टक्के. ऐकायला किती समान! पण लाखाचे दहा टक्के आणि पंधरा लाखांचे दहा टक्के यांत किती फरक, हे भाजी घेताना तोंडी हिशेब करणाऱ्या बाईला कुणी शिकवायला नको. वर कमाल मर्यादा लावली, तरी चारचाकीचं माप मोठं ते मोठंच.

याच संदर्भात मार्च २०२५ चा किस्सा आठवतो. अर्थसंकल्प मांडताना तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी ३० लाखांपेक्षा महाग इलेक्ट्रिक गाड्यांवर ६ टक्के मोटार वाहन कर सुचवला होता. त्यावर बरीच टीका झाली. महिना संपायच्या आत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधिमंडळात तो मागे घेत असल्याचं जाहीर केलं. या करातून फारसा महसूल येणार नाही आणि इलेक्ट्रिक वाहनांना चालना देण्याच्या धोरणाशी तो विसंगत ठरेल, असा युक्तिवाद होता. त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. श्रीमंत माणसाने तीस लाखांची डिझेल गाडी घेण्यापेक्षा इलेक्ट्रिक घेतली तर धूर कमीच होईल. पण ज्याला तीस लाखांची गाडी परवडते, तो एक लाख ऐंशी हजारांच्या करापायी मागे फिरतो का? आणि ते एक लाख ऐंशी हजार म्हणजे पाच-पाच हजारांच्या हिशेबाने छत्तीस स्कूट्यांचं अनुदान. एका गाडीच्या करात छत्तीस बाया! मला विचाराल तर तो कर राहायला हवा होता आणि त्याचा पैसा दुचाकीसाठी बाजूला काढायला हवा होता.

कुणी म्हणेल, इलेक्ट्रिक स्कूटी चालवायला स्वस्त पडते, मग अनुदान कशाला? चालवायला स्वस्त, हे अगदी खरं. महिन्याला हजार किलोमीटर फिरणाऱ्या बाईला पेट्रोल दोन हजारांवर लागतं. विजेचे तीस-पस्तीस युनिट होतात. घरचा वापर आधीच शंभराच्या आसपास असेल, तर हे युनिट महावितरणच्या पुढच्या टप्प्यात जातात आणि तिथला दर जवळपास दुप्पट आहे, तरीही चार-पाचशे रुपयांत भागतं. पण ही बचत नंतरची. गाडी घरी आणताना एकरकमी पैसा लागतो, आणि नेमका तोच बाईच्या हातात नसतो. नवऱ्याच्या नावावर शेत, सासऱ्याच्या नावावर घर, मग कर्ज कशावर मिळणार? म्हणून खरेदीच्या वेळची पाच-दहा हजारांची सूट तिच्यासाठी फार मोठी असते. तीस लाखांच्या गाडीवाल्याला तेवढ्याने काही फरक पडत नाही.

आता परदेशी गाड्यांकडे वळू. जुलै २०२५ मध्ये मुंबईत टेस्लाचं पहिलं शोरूम उघडलं, खुद्द मुख्यमंत्री गेले होते. गाडीची किंमत साठ लाखांच्या घरात. अमेरिकेत हीच गाडी बरीच स्वस्त मिळते. आपल्याकडे पूर्ण बांधलेल्या परदेशी गाडीवर किमतीप्रमाणे ७० टक्के किंवा त्याहून जास्त आयात शुल्क लागतं, त्यामुळे एवढी किंमत होते. मार्च २०२४ च्या केंद्राच्या योजनेत कंपन्यांना सांगितलं होतं, की इथे कारखान्यात किमान ४,१५० कोटी गुंतवा, मग ठराविक संख्येच्या गाड्यांवर शुल्क १५ टक्के करू. म्हणजे आधी भिंत घालायची आणि आत येऊन काम करील त्यालाच दार उघडायचं. ही भिंत मला गैर वाटत नाही. चाकण, पिंपरी, छत्रपती संभाजीनगर इथल्या कारखान्यांत आपल्या जिल्ह्यातलीही पोरं आहेत.

या भिंतीचं एक टोक तर आपल्या वर्ध्यातच आहे. बजाज ऑटो ही कंपनी १९४५ मध्ये सुरू झाली तेव्हा तिचं नाव बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन होतं. बच्छराज म्हणजे जमनालालजींना नातू म्हणून दत्तक घेणारे वर्ध्याचे सेठ. गंमत म्हणजे ही कंपनी सुरुवातीला परदेशी दुचाक्या-तीनचाक्या आयात करून विकायची. पुढे परवाना मिळाला, स्कूटर इथे बनू लागली, आयातीला दार बंद राहिलं आणि भिंतीच्या आडोशाने कारखाना वाढला. लोकांनी मात्र स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावले. आमच्या वडिलांच्या पिढीला लग्नाच्या आधी लावलेला नंबर मूल झाल्यावर लागल्याचे किस्से पाठ आहेत. १९९३ मध्ये अर्थव्यवस्था खुली होत होती, तेव्हा परदेशी कंपन्यांशी सामना बरोबरीच्या अटींवर व्हावा म्हणून आवाज उठवणाऱ्या उद्योगपतींमध्ये राहुल बजाज पुढे होते. त्या गटाला 'बॉम्बे क्लब' म्हणत. म्हणजे भिंतीने कारखाने मोठे होतात आणि गिऱ्हाइकाला थांबावं लागतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

आणि भिंत कितीही उंच घातली तरी गाडीच्या आतलं सामान बाहेरूनच येतं. बॅटरीचे सेल मोठ्या प्रमाणात चीनमधून येतात. मोटरमध्ये लागणाऱ्या दुर्मिळ धातूंच्या चुंबकांवर चीनने एप्रिल २०२५ मध्ये निर्यात निर्बंध घातले. त्याचा फटका बजाजच्या इलेक्ट्रिक चेतकलाही बसला आणि त्या पावसाळ्यात कंपनीला उत्पादन घटवावं लागलं. मगनवाडीत बसून ग्रामोद्योगाची मांडणी करणारे कुमारप्पा हे मुळात कर आणि सरकारी खर्च या विषयाचे अमेरिकेत शिकलेले अभ्यासक. कुठल्या वस्तूचा कच्चा माल कुठून येतो हे आधी विचारा, ही त्यांची पद्धत. इलेक्ट्रिक गाडीला स्वदेशी म्हणताना हा प्रश्न विचारायलाच हवा.

बॅटरीवरून आठवलं. आमच्या ओळखीतल्या एका बाईचा नवरा ई-रिक्षा चालवायचा. त्याला अपघात झाला, तेव्हापासून ती स्वतः चालवते. मे २०२५ मध्ये, ऐन ४५ अंशांच्या उन्हात, तिच्या रिक्षाच्या चारही बॅटऱ्या बसल्या. साध्या शिशाच्या बॅटऱ्यांचा नवा संच पस्तीस हजारांना पडला. बिल माझ्याकडे घेऊन आली, कारण एवढे पैसे कशाचे हे तिला समजेना. अख्खी ई-रिक्षा घेतली तर जीएसटी ५ टक्के, पण तिचीच बॅटरी वेगळी घेतली तर तेव्हा २८ टक्के! पस्तीस हजारांतले साडेसात हजारांहून जास्त निव्वळ कर. "गाडी घेतली तवा कोणी नाही सांगतलं बाई, का बॅटरीचा टॅक्स येगळा रायते," ती म्हणाली. २८ टक्के हा तेव्हा चैनीच्या वस्तूंचा दर. सप्टेंबर २०२५ मध्ये तो १८ वर आला, लिथियमच्या बॅटरीवर तर २०१८ पासूनच १८ आहे. पण ५ आणि १८ मधलं अंतर काही मिटलेलं नाही. नवी गाडी घेणाऱ्याला सूट आणि जुनीच चालवत राहणाऱ्याला भुर्दंड, असा हा प्रकार. दुकानातून जुनी इलेक्ट्रिक गाडी घ्यायची म्हटली, तर विक्रेत्याच्या नफ्यावरचा कर डिसेंबर २०२४ च्या जीएसटी परिषदेने १२ वरून १८ टक्के करायचं ठरवलं. आमच्यासारख्यांच्या घरात जुनी गाडीच आधी येते, नवी नंतर. हे त्या परिषदेत बसणाऱ्यांपैकी कुणाच्याच घरी घडत नसावं.

सरकारने बायकांसाठी काहीच केलं नाही असं नाही. पिंक ई-रिक्षाची योजना चांगली आहे. किमतीच्या २० टक्के राज्य सरकार देतं, ७० टक्के बँकेचं कर्ज आणि १० टक्के आपले. एप्रिल २०२५ मध्ये पुण्यातून सुरुवात झाली. पण सुरुवातीच्या आठ जिल्ह्यांत नागपूर होतं, अमरावती होतं, आणि दोघांच्या मधलं वर्धा नव्हतं. समृद्धीचंही तसंच, नागपूरहून निघालेली गाडी आपल्यावरून भुर्रकन पुढे जाते.

आता कापसाचं बोलू. गाडीच्या लेखात कापूस कुठून आला असं वाटेल, पण वर्ध्यात गाडी घ्यायचा पैसा कापसातूनच येतो. देशातल्या गाडी कारखान्यांसाठी ७० टक्क्यांची भिंत आहे हे आपण बघितलं. कापूस पिकवणाऱ्यासाठीही एक छोटी भिंत होती, २०२१ च्या अर्थसंकल्पात घातलेली, ११ टक्के आयात शुल्काची. अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के शुल्क लावलं, कापड उद्योग अडचणीत आला, म्हणून केंद्राने १९ ऑगस्ट २०२५ पासून ती काढून टाकली. आधी सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे आपल्याकडे पहिली वेचणी होऊन कापूस घरात येतो नेमक्या त्याच महिन्यांत. कापड गिरण्यांचे कामगार जगले पाहिजेत, मान्य आहे. पण अडचण आली की गाडीवाल्यांची भिंत कुणी पाडत नाही, कापसाचीच पडते. त्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता, आणि खासगी व्यापाऱ्याकडे भाव त्याच्या खालीच.

देवळी तालुक्यातल्या आमच्या गटाच्या एका सदस्येची मुलगी सावंगीला नर्सिंगला आहे. रोज एसटीने जाणं-येणं, संध्याकाळची बस चुकली की आईचा जीव वर-खाली. दिवाळीनंतर कापूस विकून पोरीला इलेक्ट्रिक स्कूटी घ्यायची असं ठरलं होतं. मायलेकी शोरूममध्ये जाऊन गाडीचा रंगही बघून आल्या होत्या. किंमत एक लाख दहा हजारांच्या आसपास. हमीभावाने म्हटलं तरी साडेतेरा क्विंटल कापूस, म्हणजे कोरडवाहूचा एकरी चार-पाच क्विंटल धरला तर तीन एकरांचं सगळं पीक. त्या वर्षी पावसाने बोंडं सडली. सरकारी केंद्रावर ओलाव्यावरून कापूस परत आला आणि व्यापाऱ्याने दिला तो भाव घ्यावा लागला. नोव्हेंबरमध्ये त्यांनी गावातल्याच एकाकडून पेट्रोलची जुनी स्कूटी घेतली, अडतीस हजारांत. कर्ज काढून नवी का नाही घेतली असं मी विचारलं, तर म्हणाली, "पीककर्ज अजून फिटलं नाही बाई. आता पोरीच्या गाडीचं कुठून फेडू?"